एक दिवस जास्त

"हा आशीर्वाद बदलून मिळेल का?"

वाकून नमस्कार करणाऱ्या बाईने असं विचारलेलं तुम्ही कधी ऐकलं आहे? मी ऐकलं आहे, आणि तेही काशीत, भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, भरल्या घरातल्या सत्यनारायणाला. म्हाताऱ्या गुरुजींनी "अखंड सौभाग्यवती भव" म्हणून हात उचलला, आणि आमच्या शेजारच्या काकू तशाच वाकलेल्या, मान तेवढी वर करून, दुकानात लुगडं परत करायला आल्यासारख्या म्हणाल्या, "हा नको गुरुजी. हा बदलून मिळेल का?"

गुरुजींचा हात हवेतच राहिला. "म्हणजे? सौभाग्य नको?"

"हवं की. पण अखंड नको. ह्यांच्यापेक्षा मला एक दिवस जास्त द्या. एकच. दुसरा दिलात तरी घ्यायची नाही मी."

मी तेव्हा नागपूरहून नुकतीच लग्न होऊन आले होते. मला हसू आलं आणि सासूबाईंनी कोपराने ढोसलं. बाकीच्या बायकांची तोंडं पाहिली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्यानंतर एक दिवस म्हणजे वैधव्य. आणि काशीत वैधव्य म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. घाटाच्या पायऱ्यांवर ते जागोजाग बसलेलं असायचं, कुठे आलवणात, कुठे पांढऱ्या धोतीत, पुढ्यात वाटी घेऊन. काकू रोज त्यांच्यातूनच वाट काढत स्नानाला जायच्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि तरी तेच मागत होत्या.

कारण साधं होतं. काकूंच्या यजमानांना सगळी गल्ली शास्त्रीबुवा म्हणे. न्यायशास्त्र शिकवायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि दोन्ही डोळे गेले. विद्यार्थी घरी येत राहिले, कारण शास्त्रीबुवांना पोथी लागतच नव्हती. एखाद्याने वाचताना ओळ गाळली की हे भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणायचे, "मागे जा. काहीतरी गिळलंस." पण हाच माणूस जेवायला बसला की लहान मुलासारखा व्हायचा. काकू त्यांचा हात धरून ताटावर फिरवायच्या, "इथे भात, इथे आमटी, लिंबू डावीकडे," आणि मग स्वतःच भात कालवून हातात द्यायच्या. मूलबाळ हयात नव्हतं. दोघंच.

"मी आधी गेले तर ह्यांना भात कोण कालवून देईल?" हे काकूंचं ठरलेलं वाक्य. त्याला जोडून दुसरं, "काशीत लोक मरायला येतात. मला बाई फुरसत नाही."

आणि नेमकी त्यांनाच साखरेची व्याधी होती.

त्या काळी मधुमेह झाला की वैद्य कारल्याचा रस द्यायचे, जांभळाच्या बिया द्यायचे, आणि माणूस हळूहळू वाळत जायचा. बंगाली टोल्यात एक डॉक्टर होते, त्यांनी काकूंना सुई सुरू केली. इन्सुलिन. बाटली कलकत्त्याहून यायची आणि वाळूत पुरलेल्या मडक्यात थंडाव्याला राहायची. सुई पातेलीत उकळायची. सोवळ्याच्या घरात हे सगळं कसं बसवलं असेल याची तुम्हीच कल्पना करा.

डॉक्टर भले गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांना वाटलं, बाई धर्माच्या आहेत, खरं सांगून टाकावं. "माँ, एक बात पहले बता दूँ। यह दवा जिस चीज़ से बनती है..."

काकूंनी हात वर केला. "ठहरिए। मत बताइए। मालूम हुआ तो लूँगी नहीं, और नहीं ली तो मेरा काम कैसे चलेगा?"

डॉक्टर गप्प बसले. पण गल्ली कसली गप्प बसते! कुणीतरी कुठून तरी ऐकून आलं की ते औषध जनावराच्या पोटातून काढतात. दोन सोवळे गृहस्थ शास्त्रीबुवांकडे जाब विचारायला आले. मी तेव्हा काकूंना वाती वळू लागत होते, म्हणून समक्ष ऐकलं.

"शास्त्रीबुवा, तुमच्या घरात म्हणे एक बाटली आहे."

"असं? कुठली बुवा? मी तर काही पाहिलेली नाही."

आंधळ्या माणसाच्या या उत्तरावर वाद कसा घालणार? ते दोघं थोडा वेळ घोटाळले आणि पाणी पिऊन गेले. आतल्या खोलीत काकूंनी तोंडात पदर कोंबला होता.

रोज सकाळी एका नळीत निळं औषध घालून, त्यात लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, हा दुसरा विधी. रंग निळा राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. काकूंनी या रंगांना लुगड्यांचा हिशेब लावला होता. मी गच्चीतून विचारायचे, "काय नेसलात आज?" त्या म्हणायच्या, "हिरवं गं, सणाचं." विटकरी निघालं की म्हणायच्या, "आज माहेरचं नेसलेय, बोलू नकोस." शास्त्रीबुवांनी आतून विचारलं, "कुठला रंग?" की उत्तर मात्र नेहमी एकच असायचं. "निळा हो, अगदी गंगेसारखा."

गंगा निळी कधी असते? पण त्यांना कोण सांगणार.

काकूंना सवाष्ण म्हणून फार मागणी. हसतमुख, मोठं कुंकू, आणि नवरा शास्त्री. काशीतली मराठी घरं ती किती, आणि सगळ्यांचे कुळाचार सारखे. पण सवाष्णीने पुरण खाल्लं नाही तर देवी उपाशी, आणि पुरण खाल्लं तर काकूंची सकाळ विटकरी. त्यावर काकूंनी तोडगा काढला. एक घास तोंडात घालायच्या आणि बाकीच्या पोळ्या पानात बांधून घ्यायच्या. यजमानीण कुरकुरली की म्हणायच्या, "हा घास देवीचा. राहिलेलं माझ्या घरच्या देवाचं." शास्त्रीबुवांचं पोट काकूंच्या मधुमेहामुळे सुटलं असं गल्लीत उघड बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं.

पुढे लढाई सुरू झाली आणि साखर रेशनवर गेली. "बघा, सरकारलासुद्धा माझी काळजी," काकू म्हणाल्या. त्यांच्या वाटची साखर गल्लीत कुणाच्याही बाळंतिणीला, कुणाच्याही मुंजीला मिळायची. स्वतःच्या पदराला मात्र खडीसाखरेचे दोन खडे कायम बांधलेले. कारण सुई जास्त झाली किंवा जेवण लांबलं की उलटच व्हायचं. अंगाला दरदरून घाम, हात थरथर, आणि तोंडाला येईल ते बोलणं. एकदा घाटावर त्यांनी एका धिप्पाड पंड्याला, त्याच्या छत्रीचा रंग आवडला नाही म्हणून, असं झापलं की तो बिचारा छत्री मिटून उभा राहिला. साखर तोंडात गेल्यावर भानावर आल्या आणि त्याचीच माफी मागत सुटल्या.

त्या दिवसापासून त्यांनी सगळ्या गल्लीला शिकवून ठेवलं. "मला घाम फुटला, की विचारत बसू नका. साखर कोंबा." आम्हाला सगळ्यांना ते पाठ झालं होतं. कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा त्या जरा टेकल्या की ओरडायचा, "का हो माई, तबियत ठीक बा? मिसरी देईं?" मिसरी म्हणजे त्याच्या बोलीत खडीसाखर.

एका आश्विनात आम्ही रामनगरची रामलीला बघायला गेलो. नावेतून, शास्त्रीबुवांना मध्ये बसवून. काकू त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगत होत्या. "आता रावण आला. दहा तोंडं आहेत, पण बिचाऱ्याला एकच सांभाळतंय, बाकीची वाऱ्याने डुलताहेत." शास्त्रीबुवा विचारायचे, "आणि सीता?" "सीतेला मिशी फुटायला लागलीय. पुढच्या वर्षी तिला लक्ष्मण करावं लागणार." आजूबाजूचे मराठी कळणारे लोक लीला सोडून काकूंचंच ऐकत होते. माझे डोळे अजून धड आहेत, पण खरं सांगते, मला काशी दिसली ती त्यांच्या तोंडून. त्या गेल्यापासून तेच घाट, त्याच नावा मी बघते, आणि कुणीतरी कानाशी सांगावं असं वाटून मान वळते.

परतताना वाळूतून नावेकडे येताना त्या थांबल्या. दोन पावलं टाकून पुन्हा थांबल्या. चेहरा राखेसारखा. मी खडीसाखर काढली, त्यांनी मान हलवली. "साखर नाही गं उतरली. वाळूच जड आहे." मग घाटाच्या पायऱ्याही जड व्हायला लागल्या.

डॉक्टर आले, नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. मग त्यांनी सांगितलं की दुखणं आता हृदयाला लागलं आहे.

काकूंना ते पटेना. "इलाज साखरेचा करतेय मी इतकी वर्षं. हृदयाचा काय संबंध?" त्या मला म्हणाल्या, आणि मी तेच डॉक्टरांना हिंदीत विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं ते मला अजून आठवतं. साखर काही लघवीत जन्मत नाही, ती रक्तात असते. तेच रक्त हृदयाच्या बारीक बारीक नळ्यांतून फिरतं, आणि वर्षानुवर्षं साखर चढती राहिली की त्या नळ्या आतून जाड होतात, जसं पाण्याच्या नळात शेवाळ धरतं. हृदयाला स्वतःलाच रक्त पुरत नाही. "पहले तो शक्कर के मरीज़ बेहोश होकर चले जाते थे, माँ। अब सुई से जी जाते हैं। तब दिल की बारी आती है।"

"म्हणजे सुईने मला इथवर आणून सोडलं," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. एखाद्या टांगेवाल्याने घराच्या अलीकडे उतरवलं तर माणूस म्हणेल तशा म्हणाल्या.

डॉक्टरांनी बजावलं. पायऱ्या कमी, तूप बंद, साखरेवर आणखी करडी नजर, आणि छातीत दुखलं, जड वाटलं, डाव्या हाताला कळ आली, तर त्याच क्षणी बोलावणं पाठवायचं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शास्त्रीबुवांचा हात पुढे केला. "अब ज़रा इनकी भी देखिए।"

डॉक्टरांनी नाडी बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "बिलकुल बढ़िया। ये तो बहुत बरस चलेंगे।"

काकूंच्या तोंडावर आनंद आला आणि त्याच्या मागोमाग धसका. "अगं बाई," त्या मला हळूच म्हणाल्या, "म्हणजे मला आणखी लांब जायचंय."

त्या दिवसापासून काकू खरोखर जगण्यासाठी झटल्या. घाट सोडला, घरीच गंगाजळ अंगावर घेऊ लागल्या. वरच्या मजल्यावरची देवपूजा खाली आणली. पोटभर भात कित्येक महिने खाल्ला नाही. शास्त्रीबुवा रोज सकाळी विचारायचे, "दुखतंय का?" काकू म्हणायच्या, "नाही." आणि ते खरंच होतं. आम्ही सगळेच त्या दुखण्याची वाट बघत होतो. दुखलं की डॉक्टरांकडे धावायचं, इतकं पक्कं ठरलेलं होतं.

पुढच्या नवरात्रात अष्टमीला आमच्याच घरी काकू सवाष्ण होत्या. सकाळी त्यांनी सवयीप्रमाणे सुई घेतली होती, आणि आमच्याकडे नैवेद्याला उशीर झाला. पुरण घट्ट होईना, गुरुजी दुसऱ्या घरी अडकले. काकू पाटावर बसून होत्या, हिरवं लुगडं, ओटी भरलेली, केसांत शेवंती. मी पाणी घेऊन गेले तर कपाळावरचं कुंकू घामाने ओघळायला लागलं होतं.

मी ओरडले, "साखर!" सगळं घर धावलं. चार हातांनी चार खडे पुढे आले. काकूंनी एक तोंडात घेतला. आम्ही वाट बघत बसलो, नेहमीसारखं, की आता घाम थांबेल आणि त्या काहीतरी बोलून हसवतील.

"दुखतंय का काकू?"

"नाही गं. मळमळतंय नुसतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यांचं पान आधी वाढा. कालवून द्या." घाम थांबेना. आम्ही आणखी साखर दिली, मग गुळाचं पाणी दिलं. माझे यजमान डॉक्टरांकडे धावले. ते येईपर्यंत काकूंनी सासूबाईंच्या खांद्यावर मान टाकली होती.

डॉक्टर बाहेर ओट्यावर बसले. साखरेच्या काही रोग्यांना हृदयाचा झटका येतो तेव्हा छातीत दुखतच नाही, असं त्यांनी स्वतः पाहिलं आहे, म्हणाले. नुसता घाम, नुसती मळमळ. आम्हाला कळलं असतं तरी फारसं काही करता आलं नसतं. "किसी का दोष नहीं है," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आणि मग बायका यायला लागल्या. अष्टमीच्या दिवशी, काशीत, देवीच्या पाटावर, भरल्या ओटीने, अहेवपणी! एकीने काकूंच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन स्वतःला लावलं. मग दुसरीने, मग रांगच लागली. "सोनं झालं हो." "असं मरण मागून मिळत नाही." आलवणातल्या एक आजी दाराबाहेर उभ्या राहून हात जोडत होत्या आणि रडत होत्या. त्यांना हेवा वाटत होता, आणि मला त्यांचाही राग येईना. मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी या सगळ्यांना गप्प करावं. या बाईने हे मागितलं नव्हतं.

शास्त्रीबुवांना धरून आणलं. ते काकूंच्या उशाशी बसले, हाताने चाचपून त्यांचा चेहरा बघितला, शेवंती बघितली, ओटीतला नारळ बघितला. "दुखलं का तिला?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "बाहेर काय बोलताहेत?"

"भाग्यवान म्हणताहेत काकूंना."

"तिच्यासमोर नका म्हणू म्हणावं."

दिवसवार होईपर्यंत घरात माणसं होती. विद्यार्थी होते, नागपूरचे भाचे होते. सगळे गेल्यावर आमच्या घरात ठरलं की दोन्ही वेळा मी ताट घेऊन जायचं आणि शास्त्रीबुवांना भात कालवून द्यायचा. पहिल्या दिवशी जरा लवकरच निघाले. झाकलेलं ताट हातात, डोळे भरलेले. दार लोटलेलं होतं, आणि आतून भाताचा वास येत होता.

शास्त्रीबुवा शेगडीपुढे बसले होते. वाफेवर हात धरून अंदाज घेतला, सांडशीने पातेलं धरलं आणि अलगद खाली उतरवलं. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "सांभाळून ये, उंबऱ्यापाशी बादली आहे."

मी उभीच राहिले. "हे तुम्हाला कधीपासून येतं?"

"डोळे गेले त्याच्या पुढच्या वर्षीपासून. ती घाटावर जायची तेवढ्या वेळात शिकलो. भाजायचं. तिला सांगायचो, समईला लागलं."

"मग काकूंना का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "त्या माउलीचा जीव टांगणीला लागलेला असायचा तुमच्यासाठी!"

"हो. तो टांगलेलाच ठेवायचा होता." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "मुलगा गेला तेव्हा तिने अन्न सोडलं होतं. तशातच साखर निघाली. डॉक्टर सुई घेऊन आले तर म्हणाली, नको, जाऊ दे मला त्याच्या मागे. मी तेव्हा नुकताच नीट जेवायला शिकलो होतो. तिला दाखवणार होतो, बरं वाटेल म्हणून. त्या संध्याकाळी मी भात सांडला. मुद्दाम. अंगावर, पाटावर, सगळीकडे. ती रडत रडत गोळा करत होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने सुई घेतली."

मी हातातलं झाकलेलं ताट खाली ठेवलं.

"मग रोजच नीट न जमणं भाग पडलं," ते म्हणाले.

त्यांनी मला पाट दिला, दोन ताटं घेतली, माझं आधी वाढलं. मग स्वतःचं. भातावर आमटी ओतली, चार बोटांनी कालवला आणि घास घेतला. मी बघत होते. ताटाबाहेर एक शीत पडलं नाही.